हसायला गेलो होतो त्या शनिवारी

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी ठरवून सांगत नाही. डबे उघडले, कोणी लोणच्याची फोड पुढे केली, कोणाला ठसका लागला, की एखादा निघतो. त्यावरून दुसरीला तिचा आठवतो. तेवढ्यात बेल होते, अर्धा राहतो, तो उद्याच्या डब्यात जातो. अशी नोकरी संपत आली की लोणच्यापेक्षा किस्सेच जास्त मुरलेले असतात!

आमच्या जबलपूरच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या तेव्हा आम्ही चौघीच. खिडकीजवळचं टेबल आमचं. बाकीच्या बहनजी त्याला ‘महाराष्ट्र’ म्हणायच्या. "आज महाराष्ट्र में क्या पका है?" राज्यं वेगळी झाली तेव्हा आमचे आईबाप इकडेच राहिले. महाराष्ट्र आमच्या वाट्याला आला तो एवढाच, एक टेबल आणि चार खुर्च्या.

त्या टेबलावर सगळ्यांत जास्त सांगितले गेलेले किस्से एका पिक्चरचे आहेत. नवरा-बायकोच्या भांडणांवरचा विनोदी पिक्चर. अगदी भिकार! हिरो कोण होता ते आठवत नाही, गाणं एक आठवत नाही. पण त्या शनिवार-रविवारी आम्ही जेवढ्या घाबरलो, तेवढ्या भुताच्या पिक्चरलाही कधी घाबरलो नाही.

*

मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही होता तेव्हाची गोष्ट. चेरीतालच्या वळणावर पोस्टर लागलं. तीन नवरे पळत आहेत, मागे तीन बायका, एकीच्या हातात लाटणं, दुसरीच्या झाडू, तिसरीच्या चक्क कुकर! दुपारी भोंगा लावलेली रिक्षा शाळेसमोरून गेली. "पति-पत्नी की नोक-झोंक! हँसते-हँसते लोटपोट!"

शैला आमची पीटी टीचर. तिचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. ती म्हणाली, "शनिवारी हाफ डे आहे. बारह से तीन. चलो!"

"पण घरी काय सांगायचं?" पुष्पाताईंनी विचारलं.

आणि सगळ्यांनी डब्यात डोकं घातलं. नुसत्या डोळ्यांनी अख्खा वर्ग चूप करणाऱ्या आम्ही, आणि ‘घरी काय सांगायचं’ म्हटलं की तोंडातला घास फिरायचा!

पुष्पाताई आमच्यात मोठ्या, संस्कृत शिकवायच्या. त्यांचे यजमान दादासाहेब रिटायर्ड स्टेशनमास्तर. त्यांच्या घरी पोळीसुद्धा टाइमटेबलावर फुगायची. पुष्पाताईंना जरा उशीर झाला की दादासाहेब घड्याळ हातात घेऊन ओसरीवर उभे. "गाडी लेट काहून?" बस, एवढंच म्हणायचे. पण तेवढं ऐकावं लागू नये म्हणून पुष्पाताई चौकापासून घरापर्यंत पळत जायच्या.

माझे हे वीज खात्यात. आवाज कधी चढला नाही. रागावले की बोलणंच बंद. ताट वाढलं की जेवायचे, पाणी ठेवलं की प्यायचे, आणि आठवडाभर घरात फक्त पंख्याचा आवाज. लोक म्हणायचे, नलूचा नवरा किती शांत! त्या शांततेला मी किती भ्यायचे, ते कोणाला सांगणार?

शैलाचा नवरा अरुण बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा. सारखा टूरवर, सिहोरा नाही तर मझौली. शैला कोणाला भीत नाही, असं शैलाच सांगायची.

चौथी वंदना. सिहोऱ्याची पोरगी, नुकतं लग्न होऊन आलेली, पहिलीच्या मुलींना शिकवायची. तिचा नवरा सतीश याचं रेडिओ आणि पंख्यांचं दुकान होतं. देखणा, बोलायला गोड, भेटला की हात जोडून नमस्कार. वंदनाला भीती कोणाची, ते आम्हाला पक्कं माहीत होतं. सासूची!

*

घरी सांगायचं ठरलं, पेपर तपासायचे आहेत. पुष्पाताई म्हणाल्या, "मी जन्मात त्यांच्याशी खोटं बोलले नाही. मला जमायचं नाही."

"प्रॅक्टिस करू," शैला म्हणाली. ती दादासाहेब झाली. कमरेवर हात, भुवया वर. "शनिवारी कुठे जाऊन राहिल्या?"

"पिक्चरला," पुष्पाताई म्हणाल्या. "नाही नाही! पेपरला!"

पुन्हा केलं. पुन्हा पिक्चर. शैला म्हणाली, "ताई, तुम्ही काही बोलूच नका. मान हलवा फक्त."

शुक्रवारी संध्याकाळी दादासाहेबांनी सहज विचारलं, "उद्या हाफ डे ना?"

पुष्पाताई मान हलवायची ते विसरल्या आणि एका दमात म्हणाल्या, "मी पिक्चरचे पेपर तपासणार आहे!"

दादासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणत्या वर्गाचे?"

"सगळ्याच!"

"अच्छा," दादासाहेब म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. ते काय समजले, की काहीच समजले नाहीत, या विचारात पुष्पाताईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं. त्या दिवशीची आमटी दादासाहेबांनी गुपचूप खाल्ली. त्यामुळे तर त्या आणखीच घाबरल्या!

*

वंदना येईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. पण शनिवारी सकाळी तीच हळूच म्हणाली, "मी पण येऊ?"

तिच्या सासूला सगळे माई म्हणायचे. उंच, हडकुळ्या, फिक्या रंगाचं लुगडं, चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नाही. रोज शाळा सुटायच्या वेळी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या. ऊन असो, उन्हाळ्यातली गरम लू चालत असो, उभ्याच! वंदना बाहेर आली की एक शब्द न बोलता तिच्या बाजूनं चालायला लागायच्या. त्यांना पाहून पहिलीच्या पोरी आपोआप रांग सरळ करायच्या. शैला म्हणायची, "सीआयडी आली!"

तर या माईंना ओलांडून वंदनाला न्यायचं कसं? मोठ्या म्हणून पुष्पाताईंनाच पुढे ढकललं. रस्ता ओलांडताना त्यांचे ओठ हलत होते, ‘पेपर, पेपर, पेपर’.

"माई, पेपर आहेत. साडेतीन होतील," पुष्पाताई म्हणाल्या. या वेळी बरोबर जमलं!

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. आम्ही तोंडाला पावडर लावलेली, शैलाच्या केसांत मोगऱ्याचा गजरा. पेपर तपासायला!

माईंनी वंदनाला विचारलं, "सतीशला सांगितलं?"

वंदनानं मान हलवली. नाही.

माई म्हणाल्या, "तो चारला येते घरी." आणि वळून चालायला लागल्या.

"धमकी देऊन गेली, पाहा," शैला म्हणाली. आम्हालाही तेच वाटलं. माई गल्लीत वळेपर्यंत वंदना मात्र त्यांच्याकडे पाहत उभी होती.

*

पिक्चर सुरू झाला.

पहिला नवरा बायकोची बडबड ऐकू येऊ नये म्हणून बहिरा झाल्याचं नाटक करतो. दुसरा बायकोला भिऊन कपाटात लपतो. तिसरा दारू पितो, आणि पकडला जाऊ नये म्हणून साडी नेसून घरी येतो. मग पहिला कपाटात लपतो आणि दुसरा साडी नेसतो. मग तिसरा बहिरा होतो. बायका लाटणी घेऊन पळतात. प्रत्येक वेळी एक माणूस केळ्याच्या सालीवरून घसरतो, तोच माणूस, तीच साल!

अख्ख्या टॉकीजमध्ये कोणी हसेना. पुष्पाताई तर डोक्यावरून पदर घेऊन, तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. कोणी ओळखीचं दिसलं तर? मधूनच टॉर्चवाला कोणाला तरी जागा दाखवायला आला आणि उजेड आमच्यावरून फिरला, तशा त्या सीटखाली वाकल्या. "गेला का?" "ताई, तो टॉर्चवाला आहे. दादासाहेब नाहीत!"

बराच वेळ झाला. पुष्पाताईंनी रुमालातून मला विचारलं, "नलू, विनोद सुरू झाला का?"

मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एका माणसाचा आवाज आला. त्याला मराठी कळत असावं.

"बहनजी, हम भी इंतज़ार कर रहे हैं!"

*

इंटरव्हल झाला. दिवे लागले. शैला समोसे आणायला उठली आणि धपकन खाली बसली.

"काय झालं?"

"अरुण!"

दोन रांगा पुढे, एकटा, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन अरुण बसला होता. हाच अरुण सकाळी पिशवी घेऊन मझौलीची बस पकडायला निघाला होता!

कोणाला भीत नाही म्हणणारी शैला सीटवरून घसरत घसरत इतकी खाली गेली, की तिचा फक्त गजरा दिसत होता. "पाहून राहिला का? सांग ना, इकडे पाहून राहिला का?"

मी म्हणाले, "अगं, खोटं तो पण बोलला आहे. तू काहून घाबरून राहिली?"

"ते मला समजते. पायांना समजत नाही!"

तेवढ्यात अरुणनं सहज मागे पाहिलं. त्याला आधी मी दिसले. मग तो गजरा दिसला. त्याचा चेहरा पांढरा झाला, आणि बघता बघता तोही सीटवरून घसरत खाली गेला. आता दोन्हीकडे नुसत्या रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी! अंधार झाल्यावर एक माणूस वाकून, जवळजवळ रांगतच, दाराकडे गेला एवढं दिसलं.

संध्याकाळी मझौलीची बस यायच्या वेळेला बरोबर अरुण घरी आला. शैलानं चहा दिला.

"कशी होती मझौली?"

"बेकार."

"गर्दी होती?"

"मागच्या बाजूला होती थोडी."

"अच्छा. वांगी करू?"

"कर."

त्यानंतर त्या दोघांत हा विषय आजपर्यंत निघालेला नाही!

*

इंटरव्हलनंतर पिक्चरवाल्यांनाच बहुतेक कळलं, की लोक हसत नाहीत. म्हणून त्यांनी आवाज वाढवला. एका सीनमध्ये तो दारुडा नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो. फटाक्! मागे ढोल वाजतो. बायको गोल फिरून सोफ्यावर पडते. उठते, परत फटाक्! परत ढोल!

आणि टॉकीज हसली. पहिल्यांदा. मागचा तो माणूस हसला, शैला सीटखालून हसली. मीही हसले आणि हसता हसता शेजारच्या वंदनाचा दंड धरला.

"आई गं!"

किंचाळली नाही. दाबून धरलेला आवाज. मी हात काढला. वंदना उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालायची, शैला तिला त्यावरून चिडवायची. मला वाटायचं, सासूचा धाक.

वंदना पडद्याकडेच बघत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "दीदी, असा आवाज नाही येत."

"काय?"

"मारल्यावर. असा फटाक् आवाज नाही येत. आणि आमच्याकडे ते आधी रेडिओ मोठा करतात."

पडद्यावर परत ढोल वाजला. लोक परत हसले. शैला हळूहळू सीटवर सरळ होऊन बसली. पुष्पाताईंनी तोंडावरचा रुमाल काढला. पुढचा पिक्चर आमच्यापैकी कोणीच पाहिला नाही. डोळे तिकडेच होते, एवढंच.

*

पिक्चर सुटला. लोक शिव्या देत बाहेर पडले. आम्ही उठलो. वंदना उठेना.

आम्ही म्हणालो, "चल." ती बसून. रांगा रिकाम्या झाल्या, झाडूवाला आत आला, तरी बसून. टॉर्चवाला जवळ आला.

"बहनजी, पिक्चर ख़त्म."

वंदनानं वर पाहिलं. "भैया, अगला शो कब है?"

"साढ़े तीन से. पर यही पिक्चर है."

"एक टिकट मिलेगा?"

टॉर्चवाल्यानं टॉर्च बंद केला. आधी तिच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं. एवढा भिकार पिक्चर दुसऱ्यांदा बघायला मागणारी ती त्याच्या नोकरीतली पहिलीच बाई असणार! "बहनजी," तो काळजीनं म्हणाला, "तबीयत तो ठीक है?"

चार वाजायच्या आत घरी पोचायचं होतं. वंदनाच्या गुडघ्यावर पर्स होती, आणि ती पर्स हलत होती. आम्हाला वाटलं ती चेनशी चाळा करते आहे. तिचे गुडघे कापत होते.

पुष्पाताईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "माझ्याकडे चल," म्हणाल्या.

*

पुष्पाताईंच्या घराशी रिक्षा थांबली तेव्हा आम्हाला एक नवीनच भीती. ओसरीवर दादासाहेब! हातात घड्याळ!

"गाडी लेट काहून?"

खोटं बोलायची प्रॅक्टिस केलेल्या पुष्पाताई एका श्वासात खरं बोलून गेल्या. "आम्ही पेपर नाही, पिक्चरला गेलो होतो. हिला नवरा मारतो. रेडिओ लावून मारतो. ही आज आपल्याकडे राहील."

मी आणि शैलानं रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

दादासाहेबांनी वंदनाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ खिशात टाकलं.

"मग बाहेर काहून उभी ठेवली तिला? ही काय वेटिंग रूम आहे? आत घ्या!"

*

पाचच्या सुमाराला स्कूटरचा आवाज आला. वंदनानं तो आमच्या कितीतरी आधी ऐकला. हातातली कपबशी खाली ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. पुष्पाताईंनी खोलीची कडी लावली. मी आणि शैला ओसरीच्या दाराआड.

सतीश हसतच आला. हात जोडून नमस्कार केला. "दादासाहेब, वंदना इथं असेल ना? माई म्हणाली, पेपर आहेत. शाळेला तर कुलूप आहे."

नाही म्हणा, नाही म्हणा, मी मनात म्हणत होते.

"आहे," दादासाहेब म्हणाले.

"बोलवा ना मग. उशीर झाला."

"ती आज येणार नाही."

"काहून?"

"तिला यायचं नाही."

सतीश हसला. खरंच गोड हसायचा. "दादासाहेब, घर की बात आहे. थोडी नोक-झोंक कोणाच्या घरी होत नाही?" मग त्यानं मान वाकडी करून दाराआड पाहिलं. "अरे, नलूदीदी, शैलादीदी पण इथंच! चलो, चांगलं झालं. सगळ्यांची घरं मला माहीत आहेत. येतो कधीतरी."

पुन्हा नमस्कार केला. स्कूटर सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथं थोडी थांबली, मग गेली.

दादासाहेब दाराच्या मधोमध तसेच उभे. केवढे धीराचे वाटले मला ते तेव्हा!

"गेला तो. आता आत या," पुष्पाताई म्हणाल्या.

"येतो."

पण येईनात. पुष्पाताई जवळ गेल्या. "काय झालं?"

"पाय हलून नाही राहिले," दादासाहेब म्हणाले. "धर जरा."

*

मी घरी निघाले तेव्हा उजेड होता, तरी मागून येणाऱ्या प्रत्येक स्कूटरला मी भिंतीला चिकटत होते. घरी पोचून यांना सगळं सांगितलं. पिक्चर, वंदना, सतीश काय म्हणाला तेही.

ऐकून हे गप्प! जेवले गप्प, उठले गप्प. झालं, मी म्हणाले मनात, आता आठवडाभर पंख्याचा आवाज ऐका.

रविवारी सकाळी चहा झाला आणि हे बूट घालायला लागले. रविवारी! मी घाबरत विचारलं, "कुठे?"

"दादासाहेबांकडे. तो परत येईल. ओसरीवर माणसं दिसली पाहिजेत."

मीही बरोबर निघाले. वाटेत हे म्हणाले, "कालपासून विचार करून राहिलो, त्याला काय म्हणायचं. काही सुचलंच नाही."

"मग?"

"मग काय, गप्प बसतो. ते मला येतं."

ओसरीवर पोचलो तर अरुण आधीच हजर. शेजारी फवारणीचा पंप उभा केलेला. दादासाहेबांनी विचारलं, "यात काय आहे?"

"काही नाही, रिकामा आहे," अरुण म्हणाला. "हातात काहीतरी असलं म्हणजे बरं वाटते."

*

आता शेवटचा किस्सा. पण त्याच्या आधी, पुढे काय झालं ते सांगून टाकते, कारण हा सांगून झाल्यावर आमच्या टेबलावरच्या सगळ्या डबे बंद करून उठतात.

वंदना त्या घरात परत गेली नाही. काही दिवस पुष्पाताईंकडे राहिली, मग सिहोऱ्याला गेली. आता तिथल्या शाळेत शिकवते. मुलींची लाडकी आहे. सतीश दोन-चारदा आमच्या गल्ल्यांमधून स्कूटर फिरवून गेला, तेवढ्या वेळा आम्ही दारं लावून बसलो. पुढे त्यानं दुकान विकलं आणि गाव सोडलं. आम्ही बसनं वंदनाकडे जातो तेव्हा त्या पिक्चरची गोष्ट निघते आणि तीच आधी हसते.

तर त्या रविवारी. तिघे पुरुष ओसरीवर, आम्ही बायका आत. वंदना कोठीजवळ बसलेली. सकाळचे नऊ-साडेनऊ असतील. स्कूटर येईल म्हणून सगळ्यांचे कान रस्त्याकडे. आणि आली रिक्षा.

रिक्षात माई. एकट्या, ताठ बसलेल्या.

ओसरीवर हालचाल झाली. सतीशसाठी सगळ्यांची तयारी होती, माईंसाठी कोणाचीच नव्हती. दादासाहेब हळूच म्हणाले, "हिच्याशी कोण बोलणार?" अरुण पंप सोडून उभा राहिला. हे गप्प बसणार होते, ते गप्पच बसले.

शेवटी पुष्पाताई बाहेर गेल्या. त्यांच्या मागे आम्ही. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "माई, वंदना येणार नाही. तुम्ही कितीही बोला."

माई रिक्षातून उतरल्या. रिक्षावाल्याकडे वळून म्हणाल्या, "भैया, दोनों उतार दो."

रिक्षावाल्यानं आधी एक निळी अटॅची उतरवली. मग पत्र्याची एक काळी ट्रंक, दोरीनं बांधलेली. दोन्ही ओसरीच्या पायरीवर ठेवल्या.

"ही अटॅची वंदनाची," माई म्हणाल्या. "साड्या आहेत. तिच्या आईनं लग्नात दिलेली पितळी भांडी-गंजं पण टाकली."

वंदना दारात येऊन उभी राहिली होती. चौकटीला धरून. तिनं एकदम विचारलं, "ते कुठं आहेत?"

"न्हाऊन राहिला," माई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिकडे कोणी नव्हतं. रिक्षावाला घाम पुसत होता.

पुष्पाताईंनी ट्रंकेकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"माझी," माई म्हणाल्या, आणि चपला काढून आत आल्या.